आग्वा फ्रीयाला दिसलं पाहिजे

ओदिलियाला स्वस्थ बसता येत नाही, हे यागेला या आमच्या अख्ख्या गावाला माहीत आहे. भट्टीत पाव टाकला की बाई तीनदा दार उघडून आत डोकावणार, आणि मग पाव बसला की भट्टीला शिव्या घालणार. ऑक्टोबरात गावसभेनं हात वर करून थेट प्रक्षेपणाचं काम तिच्या गळ्यात घातलं, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालंच, "झालं! आता ही सॅटेलाइटचंही दार उघडून बघणार!" सभा हसली. ओदिलिया हसली नाही. ती तेव्हापासूनच अंगठ्याचं नख कुरतडायला लागली होती.

आमच्याकडे गावसेवा चुकत नाही. वर्षभर करायची, पगार नाही, नकार तर नाहीच. कुणी चावडीवर शिपाई, कुणी देवळातल्या मेणबत्त्या बघतो, कुणी पाण्याचे पाइप. आणि गेली सहा वर्षं एकजण प्रक्षेपणवाला. कारण अर्धं गाव लॉस एंजेलिसमध्ये भांडी घासतंय, कपडे शिवतंय, आणि कागदपत्रं नाहीत म्हणून सणाला येऊ शकत नाही. आमच्या गावाचा संत सान मेल्चोर, त्याच्या सणाची मिरवणूक एक वेळ नाही दिसली तरी चालेल त्यांना, पण बास्केटबॉलची फायनल दिसलीच पाहिजे. आमच्या डोंगरात सपाट जागा म्हणजे ते एक मैदान. तिथेच मका वाळतो, तिथेच सभा भरते, तिथेच पोरं चालायला शिकतात आणि चालता येण्याआधी चेंडू आपटायला.

गेल्या वर्षी हे काम आरिस्तेओकडे होतं. आरिस्तेओ म्हणजे आमचा वायरमन. हात चांगला, पण हौस दांडगी. त्यानं एकदम भारी चित्र लावलं आणि फायनलच्या शेवटच्या सेकंदाला चेंडू हवेत असताना चित्र जे अडकलं ते अडकलंच. मधोमध एक गोल फिरत राहिलं. लॉस एंजेलिसची माणसं अजून म्हणतात, तो चेंडू हवेतच आहे. आरिस्तेओ चार ठिकाणी सांगून थकला, "अरे बास्केट झाली! मी डोळ्यांनी बघितली!" त्याला एकच उत्तर मिळतं, "तू बघितलीस रे, आम्ही काय बघितलं?"

ओदिलियाला स्वतःची असली फजिती नको होती, हे तर आहेच. पण तिचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. तिचा बाप.

तिओ मेलितोन. मोठ्या माणसाला आम्ही तिओच म्हणतो आणि बाईला तिया, नातं असो नसो. वय एक्याऐंशी. तीस वर्षं या मैदानाचा माइक त्याच्या हातात होता. "चेंडू रोसाकडे, रोसा विचार करतेय, अगं विचार काय करतेस, विचार घरी कर!" असं तो बोलायचा, आणि लोक खेळ बघायला कमी आणि त्याला ऐकायला जास्त यायचे. तो राहतो आग्वा फ्रीयाला, दरीपलीकडच्या वस्तीवर, ट्रकनं तीन तास. डिसेंबरच्या शेवटी कॉफी वाळत घालताना ओट्यावरून पडला आणि खुबा मोडून बसला. शहरातल्या इस्पितळानं तारीख दिली सोमवारची. तोवर हलवायचं नाही, आणि हलवायचं तेही एकदाच, पाठीखाली फळी बांधून. फायनल होती शनिवारी.

आणि त्या फायनलमध्ये खेळणार होती देल्फिना, ओदिलियाची अठरा वर्षांची लेक. नऊ नंबरचा शर्ट. तिला खेळ शिकवला कुणी? तिओ मेलितोननं, वस्तीवरच्या अंगणात, पिंपाची कडी खांबाला ठोकून.

ओदिलिया नवीन वर्षाच्या दिवशी बापाला पाव घेऊन गेली, तेव्हा तो खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "हे बघ पोरी, सोमवारी मला फाडणार. या वयात टेबलावर चढलेला माणूस उतरतोच असं नाही."

"पापा, काहीतरी बोलू नका!"

"ओरडू नकोस. मी काय म्हणतो, शनिवारी देल्फिना तेवढी दिसू दे. शेजारचा निकासियो त्याचा टॅबलेट आणून ठेवणार आहे इथे. ते अडकवू नकोस म्हणजे झालं."

"दिसेल, पापा. अडकणार नाही."

"आणि बोलत जा गं माइकवर. परवा माइक तपासत होतीस तेव्हा ऐकलं तुला. चेंडू गेला, चेंडू आला. तो काय पोस्टमन आहे? तुझा आवाज म्हणजे ओला पाव."

बापानं तिला उभ्या जन्मात चांगलं म्हटलं नव्हतं, तेव्हा हे तिला लागलं नाही. लागलं ते पहिलं वाक्य. त्या दिवसापासून बाईची झोप गेली ती गेलीच.

शुक्रवारी सेमीफायनल झाली, तीच तिची तालीम. आता, चित्राचे आकडे असतात. हजार ऐंशी म्हणजे खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसणार. सातशे वीस म्हणजे नाक दिसणार. चारशे ऐंशी म्हणजे शर्टाचा नंबर कसाबसा. आणि दोनशे चाळीस म्हणजे माणूस आहे की मक्याचं पोतं, एवढंच कळणार. चित्र जितकं भारी तितकं वजनदार, आणि आमच्या गावाचं इंटरनेट म्हणजे एकच नळ. आत येतं बरं, पण बाहेर पाठवायचं म्हटलं की करंगळीएवढी धार. त्यातून ओदिलिया जे चित्र सोडेल तेच सगळ्यांना मिळायचं, लॉस एंजेलिसला तेच आणि आग्वा फ्रीयाला तेच. लॉस एंजेलिसच्या आमच्या गावकरी मंडळाच्या पेजवर दुसरी सोय नव्हती.

तिनं हजार ऐंशी लावलं. लॉस एंजेलिसहून लाल बदामांचा पाऊस पडला. तिथल्या मंडळाचा अध्यक्ष रुतिलियो. त्यानंच वर्गणी काढून नवा कॅमेरा पाठवला होता. त्यानं लिहिलं, "याला म्हणतात चित्र!" तेवढ्यात आग्वा फ्रीयाहून निकासियोचा फोन, "ओदिलिया, गोल फिरतंय गं नुसतं. तिओ मला शिव्या देतोय, जसं काय मीच फिरवतोय."

तिनं चारशे ऐंशी केलं. निकासियो खूश. रुतिलियोचा फोन, "ओदिलिया, कॅमेऱ्याच्या काचेला साय लावलीस का गं? आमच्याकडे भिंतीएवढा टीव्ही आहे, आणि त्यावर पोरी दिसतायत चिखलाच्या! कॅमेरा कशाला पाठवला आम्ही?"

तिनं सातशे वीस केलं, आणि दोघंही कुरकुरायला लागले. म्हणजे कुणाचंच समाधान नाही. आमच्या गावसभेत नेहमी हेच होतं.

आरिस्तेओ शेजारीच उभा होता. स्वतःची अब्रू गेलेली असल्यामुळे तो मदतीला फार तत्पर. तो म्हणाला, "चित्रात जे हलतं ते वजन खातं. स्थिर भिंत असेल तर काही खात नाही. आता वर बघ."

वर मैदानभर कागदी पताका. लाल, पिवळ्या, जांभळ्या, वाऱ्यावर हजारोंनी फडफडतायत. ओदिलिया तशीच उठली आणि सणाच्या समितीपुढे जाऊन उभी राहिली, "पताका काढा."

समितीचा म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. "संतांच्या पताका? इंटरनेटसाठी? बाई, डोकं ठिकाणावर आहे का?"

"त्या हलतायत!"

"पताका हलणारच! त्या काय शेणी आहेत?"

शेवटी तिनं कॅमेराच खाली झुकवला, पताका चौकटीबाहेर गेल्या. पण त्यांच्याबरोबर उंच मारलेला चेंडूही गेला. रुतिलियोनं लगेच लिहिलं, "चेंडू स्वर्गात जातो आणि स्वर्गातूनच परत येतो. मध्ये काय होतं ते देवाला विचारायचं का?" ओदिलियानं मुकाट्यानं कॅमेरा परत वर केला आणि दुसरं नख कुरतडायला घेतलं.

खरी गोम वेगळीच होती, आणि ती तिला शुक्रवारी संध्याकाळी कळली. मैदानावर बसलेला प्रत्येकजण फोन वर धरून तोच खेळ आपल्या मावसभावाला पाठवत होता. एवढ्याशा नळाला चारशे तोंडं लावलेली! आरिस्तेओनं आकडे बघितले आणि शीळ घातली. "हे सगळे तासभर गप्प बसले ना, तर हजार ऐंशी लोण्यासारखं जाईल. आग्वा फ्रीयालासुद्धा."

"मग गप्प बसवू," ओदिलिया म्हणाली.

तिनं पावाच्या पिशवीच्या कागदावर निवेदन लिहून काढलं. उद्या चारपासून सामना संपेपर्यंत प्रत्येकानं आपापले फोन, राउटर, इंटरनेटची सगळी यंत्रं बंद ठेवायची. हे गावकाम आहे. कुणालाही सूट नाही.

आरिस्तेओनं वाचलं. "'सूट नाही' हे कशाला?"

"एकाला सूट दिली की उद्या प्रत्येकाची आजी आजारी पडते. ओळखते मी आपल्या माणसांना."

शनिवारी सकाळपासून चावडीच्या भोंग्यातून हे निवेदन पाच वेळा वाचून दाखवलं, आधी आमच्या झापोतेक भाषेत, मग स्पॅनिशमध्ये. आणि गावकाम म्हटलं की आमची माणसं काय चीज आहेत हे परक्याला नाही कळायचं. रस्ता खणा म्हटलं, खणला. दगड वाहा म्हटलं, वाहिले. इंटरनेट बंद करा म्हटलं, केलं. चार वाजायला पाच मिनिटं असताना आरिस्तेओ लॅपटॉपवर बघून म्हणाला, "आई शप्पथ! अख्खी लाइन रिकामी. एक माणूस नाही."

पहिल्या रांगेत तिया सेनाइदा ऐसपैस बसली होती. मैदानाला लागून वरच्या अंगाला तिचं दुकान. साबण विकते, मेणबत्त्या विकते, तासावारी वायफायही विकते. रस्ता झाडायला पहिली, मिरवणुकीत पहिली. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीला सांगत होती, "नुसते राउटर काय बंद करतेस? मी तर मेन स्विचच पाडला! उगाच कुणी नावं ठेवायला नकोत." ओदिलियानं ते ऐकलं. ऐकून तिला बरंच वाटलं. तिनं गळ्यातला छोटा बिनतारी माइक चालू केला, हजार ऐंशी लावलं आणि शिट्टी वाजली.

समोर शेजारच्या लाचिगोना गावच्या पोरी. उंच, आडदांड, तीन वर्षं सलग जिंकलेल्या. बक्षीस म्हणून खोंड खांबाला बांधलेला, शिंगांना फिती. पण खरं सांगायचं तर ओदिलियानं पहिली वीस मिनिटं खेळ बघितलाच नाही. ती लॅपटॉपवरची हिरवी रेघ बघत होती. रेघ सरळ. तीनशे बारा माणसं बघत होती. रुतिलियो वेडा झाला होता. "दात दिसतायत! पोरींचे दात दिसतायत! ओदिलिया, तुझे हात कुठे आहेत, मुका घेतो!" देल्फिनानं दोन बास्केट केल्या, बँडवाल्यांनी दोन्ही वेळा दियाना वाजवली, ती आमची जल्लोषाची आखूड, उडती चाल. ओदिलिया माइकवर म्हणाली, "चेंडू आत गेला." म्हणजे ओला पावच. पण बाईला दहा दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

मध्यंतरात तिनं निकासियोच्या टॅबलेटवर निरोप टाकला. पापा, कसं दिसतंय? उत्तर नाही. तिला वाटलं, रंगून बघत असतील. तिसरा डाव संपला, चौथा निम्मा झाला. तिनं पुन्हा बघितलं. निरोप पोचलेलाच नव्हता. मग तिनं बघणाऱ्यांच्या नावांची यादी उघडली. बोट वरून खाली, खालून वर. बोस्टनपर्यंतची नावं होती. निकासियो नव्हता.

तिनं मान वर केली. सेनाइदाच्या गच्चीवर एक छोटी थाळी आहे, दरीपलीकडे तोंड करून. आग्वा फ्रीयाचं इंटरनेट जातं ते त्या थाळीतून. दोन वर्षांपूर्वी ती बसवली तेव्हा शिडी धरायला खाली ओदिलियाच उभी होती. त्या थाळीखाली दिवसरात्र एक हिरवा दिवा असतो.

दिवा नव्हता. सूट नाही! स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. अख्ख्या गावाला गप्प बसवलं ते ज्याच्यासाठी, त्याचीच वायर तोडून बसली होती ती. तीनशे माणसांना लाचिगोनाच्या पोरींचे दात दिसत होते आणि तिचा बाप चार वाजल्यापासून काळ्या काचेसमोर पडला होता.

ती पहिल्या रांगेकडे धावली. "तिया! मेन स्विच!"

"पाडला की!" सेनाइदा अभिमानानं म्हणाली. "गावात सगळ्यांत आधी."

"तो चालू करायचाय! आग्वा फ्रीया बंद पडलंय! पापा!"

सेनाइदाचा चेहरा खर्रकन उतरला. ती उठायला गेली, पण तिचे गुडघे आम्हाला माहीत आहेत. तिनं पोलक्यातून किल्ली काढली. "पळ, तूच पळ. आणि अगं, कुत्रा मोकळा आहे हं!"

आरिस्तेओनं मध्येच दंड धरला. "थांब. नीट ऐक. तिचा स्विच वर केलास की दुकानाचं वायफायही जागं होणार. हे सगळं मैदान त्याखालीच येतं. यांनी राउटर बंद केलेत, पण फोन खरंच बंद केलेत असं वाटतं तुला? खिशात आहेत. सगळे एकदम जागे होऊन नळाला लागतील. पाच मिनिटं उरलीत. पुन्हा अडकेल, ओदिलिया. गेल्या वर्षीसारखंच."

ओदिलियानं मैदानाकडे बघितलं. देल्फिना गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत होती. तिनं लॅपटॉपकडे बघितलं. तीनशे चौदा माणसं. त्यांतली निम्मी कामाला दांडी मारून बसलेली. त्यांच्या तोंडचा घास पुन्हा काढायचा? गेल्या वर्षी आरिस्तेओला लोकांनी काय काय म्हटलं ते तिच्या कानांत होतं. आणि दरीपलीकडे एक म्हातारा. एकच.

"कॅमेरा धर," ती म्हणाली, आणि पळाली.

मैदानाच्या कडेनं पायऱ्या आहेत, साठ. बाई बेचाळीस वर्षांची, भट्टीपुढे उभी राहून पाय सुजलेले. ती कशी चढली ते तिला नाही सांगता येणार, पण लॉस एंजेलिसला सांगता येईल, कारण गळ्यातला माइक चालूच होता. तिच्या धापा गेल्या. कुत्र्याचं भुंकणं गेलं. मग कुत्र्याला उद्देशून तिनं जे काही म्हटलं, जे संतांच्या सणाला तर नाहीच पण कधीच म्हणू नये, तेही स्वच्छ गेलं. मग कुलूप. मग खट्ट असा स्विचचा आवाज.

राउटर जागं व्हायला दोन मिनिटं घेतं. दोन मिनिटं म्हणजे काय ते त्या दिवशी तिला कळलं. ती गच्चीवर उभी राहून थाळीखालच्या दिव्याकडे बघत होती. लाल. लाल. पिवळा. खाली खेळ चालूच होता. एकेचाळीस बेचाळीस, लाचिगोना एकानं पुढे. पुन्हा लाल. तिनं थाळीच्या खांबाला लाथ मारली. पिवळा. आणि मग हिरवा.

खाली आरिस्तेओनं दोन्ही हात डोक्यावर नेले. हिरवी रेघ घसरत असणार. ती कठड्यावर ओणवी झाली आणि पोटातून ओरडली, "आरिस्तेओ! उतरव! दोनशे चाळीस कर!"

"फायनल? दोनशे चाळीसमध्ये? जिवंत सोलतील आपल्याला!"

"सोलू देत! माझा बाप चार वाजल्यापासून अंधार बघत बसलाय! ज्या माणसानं या मैदानाला तीस वर्षं बोलकं ठेवलं, तो सोमवारी शहरात मरायला चाललाय, आणि त्याला नातीचं बोटसुद्धा दिसत नाहीये! माझ्यामुळे! उतरव म्हणते ना! लॉस एंजेलिसला सांग, मला शिव्या द्या, पण त्याला बघू दे!"

आरिस्तेओनं उतरवलं.

चाळीस सेकंद राहिले होते. तिनं ती गच्चीवरून बघितली, नुसत्या डोळ्यांनी. लाचिगोनाचा चेंडू कडीला लागून बाहेर आला. देल्फिनानं उचलला आणि निघाली. एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं. चार सेकंद. सगळं मैदान ओरडत होतं, मार, मार! तिनं मारला नाही. दोन आडदांड पोरी तिच्यावर झेपावल्या आणि तिनं त्यांच्या काखेखालून चेंडू सोडून दिला, चार नंबरच्या माउराकडे. माउरा बास्केटखाली एकटी होती. तिनं ठेवला. शिट्टी झाली. बँडनं जी दियाना धरली ती सोडेचना.

मग शिव्यांचं काय झालं? मिळाल्या की. रुतिलियोनं लिहिलं, "कुत्रा हजार ऐंशीत ऐकला आणि फायनल बघितली पोत्यांची. बास्केट कुणी केली ते अजून आम्ही भांडतोय." दुसऱ्या एकानं लिहिलं की निदान अडकलं तरी नाही. त्यावरून त्यांचंच आपसात जुंपलं. ओदिलियानं ते वाचलंच नाही. निकासियोचा टॅबलेट लागत नव्हता, बहुतेक बॅटरी गेली. चाळीस सेकंद पोचले की नाही, तेही माहीत नाही. बक्षीस समारंभ सोडून जाता येईना, आणि शेवटचा ट्रक निघून गेलेला.

रविवारी पहाटे ती पावाची टोपली आणि पोलक्यात एक बोटभर पेनड्राइव्ह घेऊन पाण्याच्या ट्रकमध्ये चढली. कॅमेऱ्यातल्या कार्डावर सगळा सामना होता, पूर्ण भारी चित्रात. देल्फिना खोंडाच्या मिरवणुकीत होती, दुपारी येणार होती.

आग्वा फ्रीयाला ट्रकमधून पाय खाली ठेवते न ठेवते तोच निकासियो धावत आला. "काय पोर आहे गं तुझी! शेवटची बास्केट! आम्ही सगळे खोलीत, चित्र आलं आणि नुसते चौकोन चौकोन. काही कळेना. पण तिओला कळलं! ओरडला, 'देल्फिना! देल्फिना आहे ती! झाली!' आम्ही फटाके लावले!"

ओदिलियाचा हात आपोआप पोलक्याकडे गेला. बास्केट माउराची होती. खोलीत बाप उशीला टेकून बसला होता, दाढी केलेली, चेहरा असा की गेल्या कित्येक दिवसांत नव्हता. आठ दहा शेजारी भोवती. तिनं ठरवून टाकलं. पेनड्राइव्ह हरवला. सोमवार होऊन जाऊ दे, मग बघू.

"दिसलं ना, पापा?"

"चाळीस सेकंद," बाप म्हणाला. मग शेजाऱ्यांकडे वळून, "चला रे, हिनं पाव आणलाय. बाहेर बसून कॉफी प्या. मला पोरीशी बोलायचंय."

सगळे गेले. तो हळूच म्हणाला, "आता काढ."

"काय?"

"जे छातीवर हात ठेवून लपवतेयस ते. स्वच्छ चित्र आणलंयस ना?"

ओदिलियानं पेनड्राइव्ह बाहेर काढून मुठीत धरला.

"अगं, ती बास्केट देल्फिनाची नव्हती. कोपर बाहेर काढून मारते ती, मी सात वर्षं बडबडून थकलो. चार चौकोनांतसुद्धा ते कोपर ओळखेन मी. तिनं चेंडू सोडला. हो ना?"

"मग ओरडलात कशाला तिचं नाव?"

"सोडला म्हणूनच! चार सेकंद उरलेत, सगळं गाव बोंबलतंय, आणि पोरीनं चेंडू सोडून दिला. मी ओरडलो ते त्यासाठी. ही येडी समजली बास्केटसाठी. फटाके लावले म्हणून मी गप्प बसलो." त्यानं हात पुढे केला. "लाव. तो पास बघायचाय मला, बोटांसकट."

तिनं निकासियोच्या टॅबलेटला पेनड्राइव्ह जोडला. घाईत जरा आधीच लागलं. चित्र आरिस्तेओच्या हातात हलत होतं, आणि आवाज मात्र तिचा. धापा. पायऱ्या. कुत्रा. आणि कुत्र्याला तिनं जे म्हटलं ते. ती पुढे ढकलायला गेली, बापानं तिचं बोट धरलं.

तो सगळं ऐकत राहिला. कुलूप, स्विच, लांबलेली दोन मिनिटं, खांबाला मारलेली लाथ. माझा बाप चार वाजल्यापासून अंधार बघत बसलाय. सोलू देत. त्याला बघू दे. मग देल्फिना आली, घामासकट, कोपरासकट, आणि तिच्या बोटांतून तो चेंडू सुटला तो अगदी स्वच्छ दिसला. माउरानं ठेवला. बँड वाजला. चित्र संपलं.

ओदिलियानं डोळे पुसले आणि म्हणाली, "पुन्हा लावू पास?"

"पास नको," तिओ मेलितोन म्हणाला. "त्याच्या आधीचं. कुत्र्यापासून लाव."